पुलाअलीकडचं वळण

जेवणं झाल्यावर शरदिनी माडीवर आली. पदराला हात पुसत ती लाकडी तख्तावर वाकली, बराच वेळ नुसती पाहत राहिली आणि मग, भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं इतक्या सहज म्हणाली, "बाबा, तुमची गाडी या पुलावरून कधी गेलीच नाही."

नीलकंठ इंजिनाला किल्ली देत होता. किल्ली अर्धी फिरलेली, तिथेच त्याचा हात थांबला. आतली स्प्रिंग ताणलेली होती, तिचा उलटा जोर अंगठ्याला जाणवत होता. तो म्हणाला, पलीकडे जागा कुठे आहे, तख्त तिथेच संपतं. शरदिनीने नुसतं बोट लावून दाखवलं. दोन तख्तं जोडून त्यांवर फळ्या ठोकलेल्या होत्या. फळ्यांवर पत्र्याच्या रुळांचा लांबट वेढा, मध्ये काशीच्या खोजवाँ मोहल्ल्यात बनणाऱ्या लाकडी खेळण्यांतली रंगीत माणसं, बैल, पोपट, देवळं, आणि पूर्वेच्या अंगाला निळ्या रंगाचा पट्टा, म्हणजे गंगा. गंगेवर राजघाटचा पूल. तो त्याने आठवणीतून उभा केला होता, एकेक तिरप्या पट्ट्यांची कैची, एकेक खांब, विटांचा चुरा डिंकात कालवून. पुलावर रूळही होते. पण काशी स्टेशनातून निघालेले रूळ पुलाच्या तोंडाशी यायचे आणि वीतभर अंतरावर डावीकडे वळून परत शहरात शिरायचे. शरदिनीचं बोट पुलावरच्या रुळांवर फिरलं आणि तिने ते बाबांपुढे धरलं. बोटाला तांबूस गंज लागला होता. वेढ्याचे रूळ मात्र चाकांनी घासून चांदीसारखे लखलखत होते.

"लहान होते तेव्हा वाटायचं, एक दिवस जाईल," ती म्हणाली. "मी वाट बघायचे."

तिची वाट बघणं त्याला आठवत होतं. नोकरी गेल्यानंतरच्या हिवाळ्यात रेल्वेचा कुणी साहेब विलायतेला परत निघाला, त्याने बंगल्याच्या बागेत सामान मांडून विकलं, त्यात हे इंजिन, चार डबे आणि रुळांची पेटी होती. मुलीला आगगाडी कशाला, असं त्याची बायको अंबिका म्हणाली होती. पण मुलगी स्टेशनमास्तर झाली. पितळी झाकणावर पळी वाजवून ती गाडी सोडायची, गाडी पुलाशी येऊन वळली की तोंड एवढंसं करायची आणि परत आली की पुन्हा पळी वाजवायची. तिने कधी विचारलं नव्हतं. घरातलं कुणीच कधी विचारत नव्हतं. पाहुणे आले की म्हणायचे, वा, पूल काय हुबेहूब झालाय. आणि खरी गोष्ट अशी, की पुलावरच्या रुळांना गंज चढला आहे हे नीलकंठाने स्वतः आजवर पाहिलं नव्हतं. दर आठवड्याला तो सगळे रूळ तेलाच्या फडक्याने पुसायचा. सगळे म्हणजे वेढ्याचे. हात पुलाशी यायचा आणि वळायचा.

शरदिनी आता मोठी झालेली, काठाची साधी पांढरी साडी नेसणारी, जबलपूरला मुलींच्या शाळेत शिकवणारी बाई होती. कितीतरी वर्षांनी ती माहेरी आली होती आणि परवा निघणार होती. ती खिडकीशी गेली. तिथून खरा पूल दिसायचा, ब्रह्माघाटाच्या वरच्या गल्लीतल्या बऱ्याच घरांतून दिसतो तसा, धुरकट आणि लांब. तिकडे पाहत ती म्हणाली, "परवा मला मोगलसरायपर्यंत पोचवायला याल? मेल तिथून धरायचा आहे. मला बसवा आणि लौटती गाडी पकडून परत या. दोन घटकांचं काम."

"येतो की," नीलकंठ म्हणाला. ते शब्द दुसऱ्या कुणीतरी बोलल्यासारखे त्याच्या कानांवर पडले. किल्ली अंगठ्यातून सुटली, इंजिन त्याच्या हातातच फडफडलं आणि चाकं हवेत गरगरून थांबली.

मोगलसराय गंगेपलीकडे आहे. नीलकंठाने गंगा ओलांडायची नव्हती. त्याने क्षेत्रसंन्यास घेतला होता, म्हणजे काशीची शीव मरेपर्यंत ओलांडणार नाही असं पाणी सोडलं होतं. असा संकल्प म्हातारी माणसं करतात, विधवा करतात, दूर देशाहून मरायला आलेले लोक करतात. नीलकंठ तेव्हा पुरता चाळिशीचाही नव्हता आणि रेल्वेत गार्ड होता. इन्फ्ल्युएंझाची साथ आली त्या साली ताप त्याच्या डोक्यात गेला, वैद्याने नाडी धरून नुसती मान हलवली, मणिकर्णिकेवर लाकडं मिळेनाशी झाली होती. अंबिकेचा भाऊ यज्ञेश्वर, काशीतला तीर्थोपाध्याय, उशाशी बसला आणि म्हणाला, जाणारा माणूस आहे, निदान क्षेत्रसंन्यास तरी पदरात पडू दे. ओंजळीत पाणी घातलं. पाणी सुटलं. आणि जाणारा माणूस गेला नाही. आठवड्याभरात तो उठून बसला, पेज मागू लागला, आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं की हा वाचला आहे आणि याची नोकरी पुलावरून जाते.

घाटावर आधी लोक हसले. मग हळूहळू हसू विरलं आणि त्याचं काहीतरी दुसरंच झालं. बायका वाकून नमस्कार करू लागल्या. अंबिकेला हळदीकुंकवाला पुढचा पाट मिळू लागला. रेल्वेची नोकरी सुटली ती सुटली, नीलकंठ यज्ञेश्वराच्या यात्रेकरूंचं काम बघू लागला. दक्षिणेतून येणाऱ्या मराठी यात्रेकरूंना स्टेशनवर गाठायचं, गोड बोलून यज्ञेश्वराच्या घरी उतरवून घ्यायचं, असं ते काम. दुसऱ्या तीर्थोपाध्यांची माणसं मोगलसरायला जात, काही तर त्याच्याही पुढे जाऊन गाडीत चढत, आणि पुलावर गाडी येईपर्यंत यात्रेकरूंचं आडनाव, गाव, आजोबांचं नाव सगळं विचारून त्यांना बांधून टाकत. नीलकंठ काशी स्टेशनवर उभा राहायचा. त्याच्या वाट्याला उरलेले यायचे, ज्यांना कुणी उचललं नाही असे, एखादी बहिरी म्हातारी, एखादा खोकणारा माणूस. समोरच्या पार्टीचा एक जण त्याला बघितलं की न चुकता म्हणायचा, "का गार्डबाबू, गाड़ी तो पार हो गई, आप झंडी इसी पार दिखाइए." नीलकंठही हसायचा. हसताना दात एकमेकांवर दाबून धरायचा.

आणि या सगळ्याचं त्याच्याजवळ एक कारण तयार होतं. पाणी त्यांनी सोडवलं. मी शुद्धीत नव्हतो. यज्ञेश्वराने मंत्र म्हटला, अंबिकेने माझा हात धरून ओंजळ उपडी केली. हे त्याने कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं, पण ते घरात भिंतीच्या ओलीसारखं होतं, सगळ्यांना ठाऊक असलेलं. अंबिकेने वाढलेलं ताट तो खाली मान घालून जेवायचा. ती विचारायची, अजून भात? तो हात आडवा धरायचा. चार वर्षांपूर्वी जावई गेल्याची तार जबलपूरहून आली, तेव्हा अंबिका जिन्यात उभी राहिली होती आणि तिने एवढंच विचारलं होतं की आता काय करायचं. तो म्हणाला होता, माझे हात बांधलेले आहेत. कुणी बांधले ते त्याने सांगितलं नव्हतं. नुसतं तिच्याकडे बघितलं होतं.

संध्याकाळी अंबिका गहू निवडत बसली होती. तिने वर न बघता विचारलं, "शरू म्हणते तुम्ही मोगलसरायला जाताय."

"हो."

"कुणाला विचारलंत?"

नीलकंठाच्या तोंडावर आलं होतं, तुम्ही मला विचारलं होतंत का. पण तो म्हणाला, विचारायचं काय त्यात, मुलगी एकटी जाते. अंबिकेने सुपातला खडा वेचून बाजूला ठेवला. "मुलगी एकटी चार वर्षं आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, जणू गव्हालाच सांगत असल्यासारखी, "संकल्प तुम्ही बोललात, निभावला मी. सोवळ्यात दोन वेळा रांधायचं, म्हणून मलाही हलता आलं नाही. जन्मले इथे, लग्न इथे झालं, त्या पुलावर मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही. शरूचं घर कसं आहे, तिच्या अंगणात काय आहे, मला माहीत नाही." तिचा आवाज चढला नव्हता. तो वर निघून गेला. जिन्यात त्याच्या मनात आलं, 'तुम्ही बोललात' म्हणाली. 'तुमच्याकडून बोलवून घेतलं' नाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने माडीच्या फरशीवर खडूने नकाशा काढायला घेतला. उद्या शरू निघण्याआधी गाडी पुलावरून न्यायची, हे त्याने ठरवून टाकलं होतं. एकदा ही खेळण्यातली गेली की खरीही जाईल, मीही जाईन, असं काहीतरी. पहिल्या नकाशात त्याने वेढा तसाच ठेवून पुलापलीकडे दुसरा वेढा काढला, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा. गाडी पुलावरून जाईल, तिकडे फिरेल, पुलावरूनच परत येईल. पण पलीकडच्या वेढ्याला तिसरं तख्त हवं आणि तिथे खिडकी. खिडकी बंद केली तर खोलीत अंधार. त्याने ओल्या फडक्याने तो पुसला. दुसऱ्यात पलीकडचं वळण लहान केलं, पण पत्र्याचे वाकडे रूळ एकाच मापाचे येतात, त्याहून आवळून वाकवले तर इंजिन आडवं पडतं. तेही पुसलं. तिसऱ्यात सगळं शहरच तख्ताच्या पश्चिमेला सरकवलं, काशी स्टेशन भिंतीला लावलं, आणि मग ध्यानात आलं की स्टेशनात रूळ बदलायचा सांधा बसवायला जागा उरत नाही. प्रत्येक वेळी अडचण सापडली की त्याला छातीत हलकं वाटायचं. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो उकिडवा बसला होता, हाताला खडूची पांढरी पूड, गुडघ्याला फरशीचा गारवा. त्याने पुन्हा तपासून पाहिलं, दातात काही अडकलंय का हे जिभेने बघावं तसं. हो, हलकंच वाटत होतं.

पलीकडे काय ठेवायचं, हाही प्रश्न होता. काशीत रंगीत माणसं होती, हलवायाचं दुकान होतं, भिंतीएवढा नंदी होता. पलीकडे नुसती कोरी फळी. काशीचे लोक म्हणतात, त्या तीरावर मेलं तर गाढवाचा जन्म. नीलकंठाने पलीकडे गाढवही ठेवलेलं नव्हतं. त्याने डोळे मिटून पलीकडचं खरं काय आठवतं ते पाहायचा प्रयत्न केला. गार्डाचा डबा सगळ्यात मागे असतो. त्यामुळे गार्डाला गाव येताना दिसत नाही, जाताना दिसतं. तो असाच उलटा प्रवास करत होता, रूळ पायांखालून निघून मागे एका ठिपक्यात बुडत जायचे. साथीच्या त्या दिवसांत यात्रेकरूंनी भरलेल्या गाड्या यायच्या, तिसऱ्या वर्गात माणसं खोकायची, एकमेकांवर रेलायची, आणि स्टेशन आलं की काही उठायचीच नाहीत. मग डब्याडब्यातून हाक यायची, गार्डबाबू. तो कंदील घेऊन जायचा. झोपलेला आणि न झोपलेला माणूस लांबून एकसारखाच दिसतो, खांद्याला हात लावावा लागतो. ते हात लावणं त्याच्या तळव्यात राहिलं होतं. फलाटावर ओळीने ठेवलेली माणसं, त्यांच्यावर त्यांचीच गाठोडी. मग शिटी, हिरवी झेंडी, गाडी वेळेवर निघाली पाहिजे, आणि तो मागच्या डब्यात उभा, त्या ओळीकडे तोंड करून, ती लहान होत जाईपर्यंत. घरी आल्यावर तो अंबिकेला म्हणायचा, आज गर्दी फार होती.

आणि त्या दिवशी, ज्या दिवशी पाणी सोडलं, तो शुद्धीत होता.

हे त्याला काही नव्याने आठवलं असं नाही. ते नेहमीच तिथे होतं, पुलावरच्या गंजासारखं, फक्त हात तिथून वळायचा. सकाळी पाठीला घाम सुटला होता. चादर ओली झाली होती, कपाळावरचा दगड उतरल्यासारखा वाटत होता, आणि त्याच्या मनात स्पष्ट शब्द आले होते की आपण वाचलो. त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला होता की आता परत गाडीवर जायचं. तळवा गार पडला. तेवढ्यात यज्ञेश्वराने विचारलं, क्षेत्रसंन्यास घेणार का. एकदा विचारलं, नीलकंठ गप्प राहिला. पुन्हा विचारलं. खोलीत सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, जाणाऱ्या माणसाकडे बघतात तसे. तो म्हणाला, हो. अंबिकेने त्याचा हात धरला होता हे खरं, पण ओंजळ त्यानेच उपडी केली. पाणी तळव्यावरून गेलं तेव्हा त्याला जे वाटलं ते पुण्य नव्हतं. शाळेला अचानक सुट्टी लागावी तसं वाटलं होतं.

दुपारी यज्ञेश्वर आला. जाड, गोरा, कपाळावर गंध, तोंडात विडा. भाचीला भेटायला आला होता. माडीवर येऊन त्याने फरशीवरचे खडूचे पट्टे पाहिले, त्यांना पाय न लावता एका कडेला बसला आणि हसत म्हणाला, नीलकंठरावांनी नवी पंचक्रोशी काढलेली दिसते. शरदिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिच्या मागून अंबिकाही आली आणि दाराशी उभी राहिली. तिनेच भावाला सांगितलं, हे उद्या पुलापार जातायत, बघ बाबा. नीलकंठाला वाटलं, आता हा कानांवर हात ठेवील. त्याने मनातल्या मनात त्याची वाट पाहिली.

यज्ञेश्वराने विडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "मग जा की," तो म्हणाला. "प्रायश्चित्त आहे. आल्यावर गंगेत बुडी मारायची, पंचगव्य घ्यायचं, एक उपास करायचा. संकल्प पुन्हा चालू. माझ्या यजमानांत कितीतरी क्षेत्रसंन्यासी लेकीबाळींच्या अडचणीला जाऊन आले."

खाली गल्लीत गाईच्या गळ्यातली घंटा वाजत गेली. अंबिका दाराच्या चौकटीला टेकली. "हे पहिल्यापासून होतं?" तिने विचारलं.

"पहिल्यापासून म्हणजे? शास्त्र काय काल झालं, ताई?" यज्ञेश्वर म्हणाला, आणि मग नीलकंठाकडे वळून, आवाजात खरंखुरं कुतूहल घेऊन, "तुम्ही आजवर विचारलं का नाहीत, नीलकंठराव?"

नीलकंठ म्हणाला, सुचलं नाही. ते उत्तर खोलीत इतकं लहान वाटलं, की यज्ञेश्वरालाही ते ऐकू न आल्यासारखं झालं, त्याने भाचीच्या शाळेचं काहीतरी विचारायला घेतलं. शरदिनी मामाला उत्तरं देत होती, पण बघत बाबांकडे होती. रागाने नव्हे. वर्गात एखाद्या मुलीने गणित का सोडवलं नाही हे आपल्याला आधीच कळलेलं असावं तसं.

ते सगळे खाली गेल्यावर त्याने खडू फेकून दिला आणि पुलाच्या तोंडाशी असलेले दोन वाकडे रूळ उचलले. नकाशा करण्यासारखं काही नव्हतंच. दोन वाकडे काढायचे, दोन सरळ लावायचे, पुलावरच्या रुळांचा गंज घासायचा. वेढा तुटला, पण गाडी जाईल. तिसरं तख्त नको, खिडकी बंद करायला नको, शहर सरकवायला नको. हे काम पहिल्या दिवशीही दोन रुळांचंच होतं. पेटीच्या तळाशी सरळ रूळ कागदात गुंडाळलेले पडले होते, साहेबाच्या घरून आले तेव्हापासून, त्यांना कुणी हातही लावलेला नव्हता. कागद सोडवताना त्याला इतका संताप आला, की एक रूळ त्याने जवळजवळ वाकवलाच. कुणाचा संताप ते त्याला नीट धरता येईना. आधी यज्ञेश्वराचा वाटला, मग शरूचा, तिने बोट का लावलं. मग धरायला कुणीच उरलं नाही.

दिवेलागणीला त्याने शरदिनीला हाक मारली. तिने येताना पितळी झाकण आणि पळी आणली होती. दोघंही थोडे लाजले. तिने पळी वाजवली. त्याने इंजिन सोडलं. गाडी स्टेशनातून निघाली, हलवायाच्या दुकानावरून गेली, पुलाच्या तोंडाशी आली, आणि नीलकंठाचं अंग आपसूक डावीकडे झुकलं. गाडी झुकली नाही. ती सरळ पुलावर चढली. पत्र्याचा आवाज बदलला, पोकळ, घणघणता, खऱ्या पुलावर होतो तसाच, आणि त्याच्या अंगावर काटा आला. पलीकडे कोऱ्या फळीवर रूळ संपत होते. त्याने पुढे होऊन इंजिन हाताने धरलं.

"परत कशी येते?" शरदिनीने विचारलं.

"उलटी," तो म्हणाला. इंजिनाच्या टपावरची खिट्टी त्याने मागे ओढली आणि गाडी पाठमोरी, गार्डाचा डबा पुढे करून काशीत परत आली. शरदिनी म्हणाली, "बघा, इतकंच होतं." नीलकंठही हसला. त्या घटकेला त्याला खात्री होती की तो उद्या जाणार.

निघताना त्याने सुचवलं की काशी स्टेशन जवळ असलं तरी त्याच्या आधीच्या, छावणीतल्या कँट स्टेशनला जाऊन बसू. गाडी तिथून सुटते, बसायला जागा मिळते, काशीला चढायचं म्हणजे धक्काबुक्की. ही गोष्ट खरी होती, कुठल्याही रेल्वेवाल्याने हेच सांगितलं असतं. शरदिनीने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, चला, कँटला जाऊ. अंबिका उंबऱ्याशी उभी होती. मुलीची खणानारळाने ओटी भरता येत नाही, म्हणून तिने लाडूंचा डबा तिच्या हातात दिला आणि तिच्या गालावरून बोटं फिरवली. मग नीलकंठाला म्हणाली, "जपून जा." असं ती त्याला गार्ड असताना म्हणायची. घोड्याच्या इक्क्यात बसल्यावर हे त्याच्या ध्यानात आलं.

कँटला तो सामानापाशी उभा राहिला आणि शरदिनी तिकिटं काढून आली. खिडकीची जागा मिळाली. गाडी हलली तेव्हा त्याने बाकाची कड धरली, डबा हलतो तसा तो विसरला होता, रुळांच्या सांध्यांवर चाकं ठोके देत जातात ते पायांतून वर चढतात. समोर एक म्हातारा डोकं खिडकीला टेकून झोपला होता. नीलकंठ त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या छातीवरचं उपरणं वरखाली होतंय का, ते बघत राहिला. होत होतं. तरी तळवा गार पडला. त्याने तो मांडीखाली घातला.

काशी स्टेशन आलं. गाडी इथे थोडी थांबते. त्याने सुरई उचलली आणि म्हणाला, "पाणी भरून आणतो, पुढे बरं मिळत नाही." शरदिनी म्हणाली, "बरं."

नळाशी गेल्यावर हाताला कळलं की सुरई भरलेली आहे. तिने ती घरून भरूनच आणली होती, आणि ते तिला माहीत होतं. नीलकंठ नळासमोर उभा राहिला. मग त्याने सुरई उपडी केली. पाणी बदाबदा फलाटावर सांडलं, त्याच्या वहाणा भिजल्या. ती रिकामी झाल्यावर त्याने ती पुन्हा नळाखाली धरली. पाण्याची धार बारीक होती. पहिली शिटी झाली. त्याने धार मोठी केली नाही.

तो परत आला तेव्हा मागच्या डब्याच्या दारात गार्ड आला होता, पोरसवदा, मिशी नुकती राखलेला. झेंडी उघडत होता. झेंडी दिसल्यापासून चाक हलेपर्यंत किती अवधी असतो हे नीलकंठाइतकं त्या फलाटावर कुणाला माहीत नव्हतं. दार त्याच्यापासून हातभर होतं. त्याने सुरई खिडकीतून आत दिली. शरदिनीने ती घेतली, पायाशी ठेवली, आणि बटव्यातून काढून एक तिकीट बाहेर धरलं.

"हे असू द्या, बाबा," ती म्हणाली. "गेटवर मागतील."

त्याने तिकीट पाहिलं. कँट ते काशी.

वर बघेपर्यंत खिडकी पुढे सरकली होती. ती हात हलवत नव्हती, खिडकीच्या गजांना धरून त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर राग असता तर बरं झालं असतं. गाडीचा शेवटचा डबा त्याच्यासमोरून गेला. पोरसवदा गार्ड मागे तोंड करून उभा होता, फलाटाकडे, म्हणजे त्याच्याकडे. तो लहान होत जाताना त्या पोराला दिसत असणार. मग पूल घणघणला.

घरी जायला तो निघाला नाही. राजघाटाच्या पायऱ्या उतरून पुलाच्या सावलीत जाऊन बसला. वर गाड्या जात होत्या, खाली पाण्यावर तेलकट उजेड हलत होता, एक माणूस म्हशी धूत होता. आपण इथे का बसलो आहोत हे त्याला आधी कळलं नाही. मोगलसरायहून परतीची गाडी वरून गेली तेव्हा तो उठला, धोतर झटकलं, आणि मग त्याला कळलं. त्याने अंगावरच्या कपड्यांनिशी गंगेत एक बुडी मारली आणि ओला घराकडे चालू लागला.

अंबिका ओट्यावरच होती. ओल्या कपड्यांकडे बघून तिने मान हलवली, जसं काही सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. तिच्या हातात काशाची वाटी होती. गाईचं दूध, दही, तूप, गोमूत्र, शेण, सगळं सकाळपासून हिंडून तिने ताजं मिळवलं होतं. यज्ञेश्वराला मंत्र विचारून आली होती. "मिळाली का तिला जागा?" तिने विचारलं. तो म्हणाला, खिडकीची मिळाली.

ती वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिचा चेहरा त्याला अनोळखी वाटला. गेल्या कित्येक वर्षांत तिने त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. हळदीकुंकवातल्या बायकांसारखं नाही, दुसरंच, जसं काही घरात कुणीतरी माणूस परत आलं होतं.

"पुलावरून काशी कशी दिसते हो?" ती म्हणाली.

नीलकंठाने सांगितलं. गाडी पुलावर आली की आधी काहीच दिसत नाही, कैच्या मध्ये येतात, डोळ्यांपुढून सळसळत जातात. मग नजर बसते. घाट वळत वळत लांब जातात, धनुष्यासारखे. माधवरावाच्या धरहऱ्याचे, म्हणजे घाटावरच्या त्या मशिदीचे, दोन्ही मनोरे सगळ्यांत उंच दिसतात, त्यांच्यापाशी नजर ठेवली की डावी-उजवीकडचं सगळं ओळखता येतं. पायऱ्यांवर माणसं मुंग्यांएवढी. धूर सरळ वर जातो. तो सांगत होता ते सगळं खरं होतं, कधी काळी पाहिलेलं, आणि त्याचा आवाजही लागला होता.

"आपली माडी दिसते?"

"दिसते."

"खिडकी?"

"तीही दिसते."

अंबिकेने श्वास सोडला. मग वाटी त्याच्या हातात देत म्हणाली, "चैत्रात मला नेऊन आणा. शरूच्या घरी. प्रायश्चित्त काय, मी करून देईन तेव्हाही. आता वाट पडली आहे."

त्याने मान हलवली. वाटी तोंडाशी नेली. वास नाकात गेला, ओल्या धोतराचं पाणी पायांवर ओघळत होतं. कनवटीला तिकीट होतं, गेटवर कुणी मागितलंच नव्हतं, आणि ते ओलं होऊन कातडीला चिकटलं होतं. तो एक घोट घेऊन थांबला.

"सगळं घ्या," अंबिका म्हणाली. "तळाशी राहू देऊ नका."